नागलोकाला घर होते, हेही सांगावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठीतील नव्या अद्भुतरम्य लेखनाविषयी अलीकडेच एक लेख आला होता. काल्पनिक जग कसे उभे करावे, त्यातील वंशांना चालीरीती, कायदे आणि इतिहास कसा द्यावा, हे समजावताना लेखकाने सर्पवंशाचे उदाहरण घेतले आहे. भूमीच्या पोटात राहणारे, परक्याला दारात उभे न करणारे, थंड रक्ताचे, पिढ्यान्‌पिढ्या डूख धरणारे लोक, असा त्या वंशाचा आराखडा त्यांनी मांडला आहे. तरुण मुलामुलींना मराठीत असे काही लिहावेसे वाटते ही आनंदाची गोष्ट आहे आणि लेखाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु हा आराखडा परदेशी खेळांतून आणि दूरचित्रवाणीवरच्या नागिणींच्या मालिकांतून आलेला दिसतो. ज्या भाषेत आस्तिक, वासुकी, तक्षक ही नावे मुलांच्या कानांवर लहानपणीच पडतात, त्या भाषेत तो जसाच्या तसा स्वीकारला जावा याचे मला वाईट वाटले. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

महाभारतातील नाग हे एकांतात राहणारे लोक आहेत, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या एकांताच्या कारणाचा. पुरवणीतील लेखात एकांत हा सर्पांचा जन्मजात स्वभाव धरला आहे. आदिपर्व वाचणाऱ्याला मात्र असे दिसते, की नाग लपतात ते त्यांना वारंवार जाळले गेले, खाल्ले गेले आणि राहत्या जागेवरून उठवले गेले म्हणून. हे कारण वगळले, की हातात उरतो तो निव्वळ खलनायक, आणि मग त्याला कितीही चालीरीती चिकटवल्या तरी तो जिवंत होत नाही.

खांडववनाचे प्रकरण पाहावे. अग्नीला ते वन हवे होते, कृष्ण आणि अर्जुन दोन्ही बाजूंनी पहाऱ्यावर उभे राहिले आणि निसटू पाहणारा प्रत्येक जीव पुन्हा आगीत लोटला गेला. तक्षक त्या वेळी घरी नव्हता, तो कुरुक्षेत्राला गेलेला होता. घरी होती त्याची पत्नी आणि मुलगा अश्वसेन. आईने मुलाला वाचवण्यासाठी गिळायला सुरुवात केली. डोके आत गेले होते, शेपूट अजून बाहेर होते, आणि तशाच अवस्थेत ती वर झेपावली. अर्जुनाच्या बाणाने तिचे मस्तक उडाले. इंद्राने वादळ उठवून अर्जुनाला क्षणभर मोहात पाडले, म्हणून अश्वसेन तेवढा सुटला. सुटलेल्या त्या पोरक्या मुलाला अर्जुन, अग्नी आणि वासुदेव या तिघांनी शाप दिला, की तुला कुठेच ठाव मिळणार नाही. संपूर्ण वनातून वाचले ते सहा जण: अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. पुढे त्याच मयाने पांडवांची सभा बांधली. त्या सभेचे वैभव आपण मुलांना रंगवून सांगतो. अश्वसेनाला मिळालेला शाप मात्र एकाही बालआवृत्तीत माझ्या वाचनात आलेला नाही.

हाच अश्वसेन कर्णपर्वात परततो. तो कर्णाच्या बाणात शिरतो, बाण अर्जुनाचा किरीट उडवून जातो, आणि मग तो कर्णाला स्वतःची ओळख देऊन पुन्हा सोडण्याची विनंती करतो. आपल्या आईला अर्जुनाने मारले आहे, एवढेच त्याचे कारण आहे. दुसऱ्याच्या बळावर मला जय नको, असे सांगून कर्ण नकार देतो, आणि अश्वसेन एकटाच अर्जुनावर चालून जाऊन मरतो. ‘सर्प डूख धरतो’ ही म्हणीसारखी वापरली जाणारी समजूत या प्रसंगापुढे किती अपुरी पडते, हे वाचकांनीच ठरवावे.

आता नागांच्या घरात शिरू. उत्तंकाच्या कथेत कवी आपल्याला प्रथमच खाली नेतो. पौष्य राजाच्या राणीची कुंडले गुरुपत्नीसाठी घेऊन चाललेल्या उत्तंकाला तक्षक क्षपणकाच्या, म्हणजे नग्न संन्याशाच्या, वेषात गाठतो, कुंडले पळवतो आणि भूमीतील एका बिळात नाहीसा होतो. तक्षक इथे उघड चोर आहे आणि मला त्याची वकिली करायची नाही. उत्तंक काठीने ते बीळ खणू लागतो, इंद्राचे वज्र त्या काठीत शिरते आणि वाट मोकळी होते. आत काय दिसते? शेकडो प्रासाद, वाडे, सज्जे, खेळण्याची आणि पाहण्यासारखी नाना स्थाने. पुढे गेल्यावर मागावर काळ्या आणि पांढऱ्या धाग्यांचे वस्त्र विणत बसलेल्या दोन स्त्रिया दिसतात, आणि बारा आऱ्यांचे चक्र फिरवणारे सहा कुमार दिसतात. त्या स्त्रिया म्हणजे धाता आणि विधाता, ते धागे म्हणजे दिवस आणि रात्र, कुमार म्हणजे ऋतू, हा उलगडा गुरूंकडून नंतर होतो. काळाचा माग कवीने ठेवला आहे तो नागलोकात, स्वर्गात नाही. एखाद्या हीन, अंधाऱ्या वंशाच्या घरी कोणता कवी असे काही ठेवील?

हीच कथा पुढे अनर्थाला कारण होते. कुंडले परत मिळाल्यावरही उत्तंकाचा राग शमत नाही. तो हस्तिनापुरास जातो, जनमेजय राजाला, तक्षकाने डसून मारलेल्या त्याच्या बापाच्या, परीक्षिताच्या, मृत्यूची आठवण देतो आणि तक्षकाचा सूड घेण्यास प्रवृत्त करतो. एका चोरीचा राग आणि एका सर्पाने केलेला राजाचा वध, यांतून संपूर्ण वंश जाळण्याचे सत्र उभे राहिले.

परंतु नागांची संस्कृती म्हणून एकच प्रकरण वाचायचे असेल, तर मी शांतिपर्वाच्या अखेरीस येणारे उंछवृत्तीचे, म्हणजे वेचलेल्या दाण्यांवर जगण्याच्या व्रताचे, आख्यान सुचवीन. ते फारसे कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. धर्माविषयी मनात संशय असलेला एक ब्राह्मण नैमिषारण्यात गोमतीच्या काठी राहणाऱ्या पद्मनाभ नावाच्या नागाकडे विचारपूस करायला येतो. नाग घरी नसतो. सूर्याचा रथ ओढण्याची त्याची पाळी आलेली असते. त्याची पत्नी ब्राह्मणाचे यथायोग्य स्वागत करते, पती परत यायला काही दिवस लागतील असे सांगते, आणि ब्राह्मण म्हणतो की मी नदीकाठी वाट पाहीन. तो तिथे काही न खाता बसून राहतो. इकडे नागकुळात खळबळ उडते. नागाचे भाऊ, मुले, बायका असे सगळे मिळून त्याच्याकडे येतात आणि अक्षरशः विनवण्या करतात: आपल्याला इथे येऊन आज सहावा दिवस आहे, आपण अन्न मागत नाही, मुळे, फळे, पाणी, दूध, जे रुचेल ते घ्या, आपण उपाशी राहिल्यामुळे आमच्यातील लहानथोर सगळे धर्मलोपाच्या भीतीने कासावीस झाले आहेत. आणि मग ते आपल्या कुळाविषयी सांगतात, की आमच्यात भ्रूणहत्या करणारा कोणी नाही, खोटे बोलणारा कोणी नाही, आणि देव, अतिथी व आप्त यांच्या आधी जेवणारा कोणी नाही.

नाग परत येतो तेव्हा पत्नीला आधी विचारतो, की मी नसताना देवांची आणि अतिथींची व्यवस्था नीट झाली ना. अतिथी आला आहे आणि तो तुमच्या दर्शनाची वाट पाहत आहे, हे कळल्यावर मात्र त्याचा अभिमान डिवचला जातो. मला बोलावणारा हा माणूस कोण, असा त्याचा सूर असतो. पत्नी त्याला शांतपणे सांगते, की हा सहज उसळणारा रोष सोडा, आशेने आलेल्याला विन्मुख करू नका. त्यावर नाग जे बोलतो ते विलक्षण आहे. तो म्हणतो, हा अभिमान माझ्या जातीचा दोष आहे, माझ्या मनाने धरलेला नाही, आणि तुझ्या शब्दांनी तो जळून गेला. रोषाहून मोठा अंधार मला दिसत नाही, आणि या दोषापायी भुजंगांनाच सर्वांत जास्त नावे ठेवली जातात. पुढे तो रावणाचे आणि कार्तवीर्याच्या मुलांचे उदाहरण देतो, की रोषाने त्यांचे काय झाले.

लोक आपल्याला काय म्हणतात हे या नागाला पक्के ठाऊक आहे. त्यातील खरे तेवढे तो मान्य करतो, बायकोचे ऐकतो आणि पाहुण्याला भेटायला जातो. त्या भेटीत तो सूर्यमंडळात पाहिलेले एक आश्चर्य सांगतो: वेचलेल्या दाण्यांवर निर्वाह करणारा एक तपस्वी सूर्याच्या तेजात मिसळून गेला, ते त्याने रथ ओढताना डोळ्यांनी पाहिलेले असते. ब्राह्मणाला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. भीष्मांनी शरशय्येवरून सांगितलेल्या मोक्षधर्माचा शेवट या कथेने होतो. मला संपूर्ण शांतिपर्वात इतके घरगुती आणि तरीही इतके मोठे प्रकरण दुसरे आठवत नाही.

नागांच्या भीतीचा दुसरा धनी म्हणजे गरुड. उद्योगपर्वात इंद्राचा सारथी मातली आपल्या गुणकेशी नावाच्या मुलीसाठी वर शोधत निघतो. देवांत आणि माणसांत मनाजोगा मुलगा मिळत नाही, म्हणून तो नारदांबरोबर वासुकीच्या भोगवती नगरीत येतो आणि तिथे त्याला आर्यक नागाचा नातू सुमुख पसंत पडतो. एवढे मोठे स्थळ चालून आलेले. पण आर्यकाला धड आनंदही करता येत नाही. सुमुखाचा बाप चिकुर याला गरुडाने नुकतेच खाल्लेले असते आणि जाताना महिन्याभरात सुमुखालाही खाईन असे बजावून ठेवलेले असते. मुलगा गेला, नातू जायचा आहे, आणि दारात सोयरीक उभी आहे. मातली पुढे सुमुखाला इंद्राकडे नेतो आणि त्याला आयुष्य मिळवून देतो, ही गोष्ट वेगळी. नागांनी जमिनीखाली घरे का केली, याचे उत्तर त्या आजोबांच्या अवस्थेत मिळते.

याच आर्यकाचे नाव भीमाच्या कथेतही येते. दुर्योधनाने विष घालून गंगेत लोटलेला भीम नागलोकात पोहोचतो तेव्हा, प्रचलित पाठानुसार, आर्यक त्याला ओळखतो, कारण भीम हा त्याच्या मुलीच्या मुलाच्या मुलीचा मुलगा असतो. कुंतीचा बाप शूरसेन, म्हणून त्या हिशेबाने शूरसेनाचा नातू असलेला कृष्णही आर्यकाच्याच रक्ताचा ठरतो. बालभारतात भीमाने रसाची आठ कुंडे प्यायली एवढे सांगतात, आणि ती त्याला कोणत्या नात्याने मिळाली हे गाळतात.

लेखकाने एकसुरी वंश रंगवू नये, असे त्या लेखातच एके ठिकाणी म्हटले आहे. ते योग्यच आहे, आणि त्याचा वस्तुपाठ वासुकीने बोलावलेल्या नागांच्या सभेत आहे. नागांची आई कद्रू हिने आपल्याच मुलांना, घोड्याची शेपटी काळी दिसावी यासाठी तिला चिकटून आईला पैज जिंकून द्यायला नकार दिला म्हणून, जनमेजयाच्या यज्ञात जळून मराल असा शाप दिलेला असतो. तो टाळायचा कसा, यावर सभा भरते. एक म्हणतो, ब्राह्मण होऊन राजाकडे भिक्षा मागू की हा यज्ञ करू नकोस. दुसरा म्हणतो, त्याचे मंत्री होऊ आणि यज्ञातील दोष दाखवू. कोणी म्हणतो, सर्पसत्राचा विधी जाणणाऱ्या पुरोहितालाच डसू. त्यावर लगेच धर्मनिष्ठ नाग उठतात आणि सांगतात, की ब्रह्महत्येने संकट टळत नाही; संकटातही धर्माला धरून राहण्यातच शांती आहे, आणि अधर्म माजला तर सारे जग बुडते. मग कोणी मेघ होऊन आग विझवण्याचे सुचवतो, कोणी रात्री यज्ञपात्रे पळवण्याचे, कोणी जलक्रीडा करणाऱ्या राजाला बांधून आणण्याचे. वासुकी सगळ्यांचे ऐकतो आणि यातील एकही उपाय मला पटत नाही असे सांगतो, कारण परिणामांचा भार शेवटी त्याच्यावर येणार असतो. अखेरीस एलापत्र नावाचा नाग, शापाच्या वेळी आईच्या मांडीवर बसून ऐकलेले देवांचे बोलणे सांगतो, आणि जरत्कारूच्या पोटी जन्मणाऱ्या आस्तिकाकडे सगळ्यांची आशा लागते. अंतर्गत मतभेद असलेला, भ्यालेला, आणि भीतीतही नीतीचा विचार करणारा असा समाज आपल्या आद्य महाकाव्यात असताना ‘एकजात कपटी सर्पवंश’ कशासाठी उसना घ्यायचा?

वासुकीने आपली बहीण जरत्कारू ज्या मुनीला दिली, त्याने तिच्या मांडीवर डोके ठेवून झोप घेतली. संध्येची वेळ टळू लागली. उठवावे तर त्याचा कोप, न उठवावे तर त्याच्या धर्माचा लोप. तिने उठवले, आणि तो तिला सोडून गेला. पोटात मूल होते. ते मूल म्हणजे आस्तिक. ते नागांच्या घरी वाढले, वेद शिकले, जनमेजयाच्या यज्ञमंडपात जाऊन उभे राहिले आणि त्याने तो यज्ञ थांबवला.

त्या यज्ञाविषयी एकच गोष्ट सांगते. जनमेजयाने सन्मानाने आणलेला त्याचा पुरोहित सोमश्रवा हा सर्पिणीच्या पोटी जन्मलेला होता, असे आदिपर्वच सांगते. ज्या राजाच्या दारी असा पुरोहित होता, त्याच राजाच्या यज्ञात पांढरे, काळे, निळे, म्हातारे आणि कोवळे सगळे नाग एकमेकांना हाका मारीत आगीत पडत होते. आणि कवीने पुढे वासुकी, तक्षक, ऐरावत, कौरव्य आणि धृतराष्ट्र या पाच कुळांनुसार, जळालेल्यांपैकी मुख्य नागांची नावे मोजून दिली आहेत. ही नावे कोणत्याही कथेला उपयोगी पडत नाहीत, त्यांतील बहुतेक पुन्हा कधी येतही नाहीत. तरीही ती घातली आहेत, याचा अर्थ हे महाकाव्य सांगणाऱ्यांनी मेलेल्या नागांना विस्मृतीत जाऊ दिले नाही. कथा सांगणाऱ्यांनी ही नावांची यादी कंटाळवाणी म्हणून गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माणसे आणि नाग यांच्यात सोयरिकी होत्या, आणि त्या सुखाच्या झाल्या असे नाही. कौरव्य नागाची मुलगी उलूपी गंगाद्वाराजवळ अर्जुनाला पाण्यात ओढून आपल्या बापाच्या घरी नेते, तेव्हा अर्जुनाला तिथे प्रज्वलित ठेवलेला अग्नी दिसतो आणि तो त्यातच आपले अग्निकार्य उरकतो. पाण्याखालच्या नागाच्या घरात अग्नी नीट राखलेला असतो, हा तपशील कवीने सहज म्हणून टाकलेला नाही. उलूपीचा पहिला नवरा गरुडाने मारलेला होता. तिला अर्जुनापासून झालेला इरावान नागलोकात आईजवळ वाढला. अर्जुनावरच्या द्वेषापायी इरावानाच्या चुलत्याने त्याला टाकले होते. तरी तो युद्धाच्या आठव्या दिवशी बापाच्या बाजूने लढला. त्या दिवशी आईकडचे सगळे गोत त्याच्याभोवती मदतीला गोळा झाले, आणि समोरच्या राक्षसाने मायेने गरुडाचे रूप घेऊन त्यांना खाऊन टाकले. नागांच्या मनातील सर्वांत जुने भय रणांगणावर उभे करून इरावानाचा घात केला गेला. आजही तमिळनाडूत कूवागम येथे अरवान या नावाने त्याच्यासाठी दरवर्षी शोक केला जातो. मूळ वंशाची आठवण इतकी दूरवर आणि इतक्या वेगळ्या रूपात टिकून आहे.

काश्मीरमध्ये नाग झऱ्यांचे आणि सरोवरांचे धनी आहेत. बाराव्या शतकात काश्मीरचा इतिहास लिहिणाऱ्या कल्हणाने सांगितलेली सुश्रवा नागाची कथा तरुण लेखकांनी अवश्य वाचावी. विशाख नावाचा ब्राह्मण पाण्याकाठी शिदोरी सोडतो, तेव्हा झाडीतून दोन नागकन्या येऊन रानटी शेंगा खाताना त्याला दिसतात. नागाच्या मुली, आणि उपाशी! कारण असे, की शेताचा राखणदार नवे धान्य खात नाही तोवर नागांनाही त्याला तोंड लावता येत नाही, आणि त्या राखणदाराने ते न खाण्याचे व्रत घेतलेले असते. भरल्या शिवाराकडे पाहत एक अख्खे कुळ नियमापायी भुकेले राहते. हवे असते तर ते राखणदाराला सहज मारू शकले असते. विशाख गुपचूप त्याच्या भांड्यात नवे दाणे टाकतो आणि नागांची सुटका होते. पुढे राजाने नागकन्येवर, म्हणजे विशाखाच्या बायकोवर, डोळा ठेवला तेव्हा सुश्रव्याने सारे नगर जाळले, आणि मग झालेल्या संहाराचा त्यालाच इतका पश्चात्ताप झाला की तो दूरच्या डोंगरात निघून गेला. अमरेश्वराच्या यात्रेला जाणाऱ्यांना त्याचे दुधासारखे पांढरे सरोवर दिसते, असे कल्हण लिहितो. इथेही एकांताला कारण आहे, आणि या वेळी ते स्वतःच्या कृत्याविषयीची लाज हे आहे.

आपल्याकडे तर फार लांब जाण्याची गरज नाही. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याच्या बाहेर फण्यांखाली निवांत बसलेला नागराज आणि शेजारी त्याची राणी आहे. ती जोडी पाहून कोणाला भीती वाटणार नाही. गोव्यात आणि तळकोकणात वारुळाच्या रूपातील सांतेरीची पूजा होते. आणि श्रावणात आपल्या आया-आज्या जी नागपंचमीची कहाणी सांगत आल्या, तिच्यात माहेर नसलेली एक सून आहे. इतर सुना माहेरी गेल्या, हिला कोणी नाही. म्हणून ती मनात नागोबाला मामा मानते, आणि तो मामा होऊन तिला न्यायला येतो. ती फण्यावर बसून वारुळात जाते. नागीण बाळंत होत असताना हिच्या हातात दिवा दिलेला असतो. वळवळणारी पिल्ले पाहून ती दचकते, दिवा पडतो आणि पिल्लांची शेपटे भाजून तुटतात. पिल्ले मोठी होतात, शेपटे कशाने तुटली हे आईला विचारतात आणि सूड घ्यायला हिच्या घरी येतात. तो दिवस नेमका नागपंचमीचा. हिने नागांची चित्रे काढलेली असतात, लाह्या आणि दूध ठेवलेले असते, आणि ती हात जोडून म्हणत असते, की माझे लांडोबा-पुंडोबा भाऊ जिथे असतील तिथे खुशाल असोत. ते ऐकून नाग दूध पितात, नवरत्नांचा हार ठेवतात आणि निघून जातात. खांडववनापासून चालत आलेला सूड एका मराठी सुनेने या कहाणीत मिटवला आहे, असे मी मानते.

‘नाग म्हणजे वनवासी टोळ्या होत्या, बाकी सगळे रूपक’ असे काही अभ्यासक म्हणतात. खांडवदाहात वने तोडून वस्ती करणाऱ्यांची आणि वनातून हुसकल्या गेलेल्यांची आठवण असावी, हे मलाही संभवनीय वाटते. परंतु तेवढेच सांगून थांबल्याने कथेतील फणा, विष, मणी, पाण्याखालची घरे आणि भूमीखालचा माग हे सगळे टाकाऊ ठरते. नव्या लेखकांना तर नेमके तेच हवे आहे. नाग सर्पही आहेत आणि घरदार असलेले लोकही आहेत; महाभारतकाराला त्यात कधी अडचण वाटली नाही.

‘अहिंसा परमो धर्मः’ हे वचन महाभारतात अनेक ठिकाणी येते. आदिपर्वात ते येते डुंडुभ जातीच्या एका बिनविषारी सर्पाच्या तोंडी. प्रियतमेला सर्पदंश झाला म्हणून दिसेल तो सर्प काठीने मारत सुटलेल्या रुरूला तो म्हातारा डुंडुभ थांबवतो आणि सांगतो, की दंश करणारे सर्प निराळे, आमचे नाव तेवढे एक आहे.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत त्या लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर लेखकांनी सर्पवंशासाठी या कथांचा विचार करावा, असे त्यांना कळवावे. आणि येत्या श्रावणात मुलांच्या पानावर गोमतीकाठच्या पद्मनाभाची, सुश्रव्याच्या मुलींची आणि अश्वसेनाच्या आईची गोष्ट क्रमशः छापावी. गोष्टी संक्षिप्त करताना नागांच्या कुळांची नावे, त्यांचे अतिथीविषयक नियम आणि त्यांच्या सभेतील मतभेद तेवढे गाळले जाऊ नयेत, याची काळजी संपादक मंडळाने घ्यावी.

कळावे,
आपली एक वाचक,
वाई